चार बोटं सावली

पुण्याच्या एका विद्वानाने जुन्या वेधशाळांवर पुस्तक लिहिलं. त्यात आमच्याकडच्या सावलीच्या ओट्याचा फोटो आहे. तो मी काढलेला. खाली माझं नाव नाही. 'ग्रंथकर्त्याच्या संग्रहातून' एवढंच छापलं आहे. संग्रहातून म्हणजे काय, तर जी फोटोची काच मी खाडी ओलांडून सड्यावर नेली, अंधाऱ्या खोलीत धुतली, वाळवली, तिचा छाप त्याच्या पेटीत जाऊन पडला, म्हणून तो त्याचा झाला. हा राग मी पुढे सात वर्षं रोज थोडा थोडा तापवत ठेवला. दुकानात कुणी आलं की पुस्तक काढायचं, त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "सांगा, हा न्याय झाला?" गिऱ्हाईक बिचारं लग्नाआधीचा फोटो काढायला आलेलं असायचं. ते 'नाही' म्हणायचं आणि आरशात बघून टोपी सरळ करायचं.

मी कुणाचा हात धरून वर आलेलो नाही. वडील बंदरावर पडावातून ओझी उतरवायचे. मी मुंबईला जाऊन एका फोटोच्या दुकानात काचा धुवायला राहिलो आणि मालक काळ्या कापडाखाली काय करतो ते कापडाबाहेर उभा राहून शिकलो. रत्नागिरीला परतलो तेव्हा माझ्याजवळ एक जुना कॅमेरा होता आणि त्याच्या तिपाईचा एक पाय आखूड होता. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान थाटलं. आंबेवाले बागायतदार, शाळेचे मास्तर, रजेवर आलेले मुंबईचे चाकरमानी, सगळ्यांशी मी घासाघीस केली. लोक मला चिकट म्हणत. त्यांनी म्हणावं, पण काढलेला फोटो माझाच आहे, एवढं तरी कबूल करावं, अशी माझी मागणी होती.

आता ओट्याविषयी सांगतो. आरे-वाऱ्याच्या अलीकडे, समुद्रावरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर, एका ज्योतिषी घराण्याने चार-पाच पिढ्यांपूर्वी ही वेधशाळा बांधली. मदत कुणा सरदाराची होती म्हणतात. जांभ्याच्या चिऱ्यांचं बांधकाम, वर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. उत्तरेकडे चढत जाणारी एक तिरपी भिंत होती, तिच्या कडेला डोळा लावला की नेमका ध्रुव दिसे. पश्चिमेला अर्धगोल कठडा, त्यावर अंशांच्या रेघा. आणि मधोमध गोल ओटा, त्याच्या मध्यावर बारा फूट उंचीचा चौकोनी खांब. भिंत आणि कठडा पावसाने खाल्ले होते. ओटा आणि खांब मात्र घरच्यांनी दरवर्षी गिलावा करून राखले होते. गावात वेधशाळा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. सावलीचा ओटा म्हणायचे.

आमच्या भागात वैशाखाच्या सुमाराला एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या खांबाची सावली तेवढ्यापुरती खांबाच्याच पायाखाली जाते, बाहेर काही पडत नाही. खांब सरळ नसेल तर हे व्हायचं नाही. म्हणजे तो दिवस खांबाच्या परीक्षेचा. त्या दिवशीची घराण्याची रीत ठरलेली होती. सूर्य उगवल्यापासून ओट्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, कुणाची सावली तिथे पडता कामा नये. घरातला वडील माणूस कडेला बसून राहतो. सावली पश्चिमेकडून आखडत येते. ती खांबात गेली की तो एकदाच मोठ्याने म्हणतो, "लोपली." मग खांबाशी जाऊन नारळ फोडतो, दोन्ही भकलं खांबाच्या पायाशी ठेवतो आणि मगच गाव ओट्यावर चढतं. वर्षभर आसपासच्या वाड्यांची लग्नं, व्रतं, पेरणी त्या घराच्या पंचांगावर चालायची.

विद्वान आला तो त्याच दिवसासाठी. कोल्हापूरवरून मोटारीने आला, माझ्या दुकानात आला, छत्री न मिटता बोलायला लागला. आमचं सगळं ठरलं. फोटोखाली माझं नाव हवं, हेही मी बोललो. तो म्हणाला, "बघू." बघू म्हणजे हो, असं मी धरलं.

सड्यावर त्या दिवशी ऊन असं होतं की कातळ चपलेतून भाजत होता. मी ओट्यापासून दहा-बारा हातांवर तिपाई रोवली, काच भरली आणि थांबलो. मध्यान्ह जवळ आली तेव्हा गावातल्या कुणीतरी विचारलं, "फोटो पुस्तकात येनार काय वो?"

"येणार," मी म्हणालो, "आणि खाली माझं नाव येणार."

विद्वान हसला. "अहो, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचं नाव छापतात का पुस्तकात? मग कॅमेरेवाल्याचं कशाला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "खिळे जुळवणारा असल्या उन्हात सड्यावर येतो काय?"

"तुमचा मोबदला ठरलाय."

"मोबदला येण्या-जाण्याचा ठरलाय. नाव वेगळं. तुमच्या वहीत लिहून द्या."

"ही काय वेळ आहे लिहून द्यायची?"

"हीच आहे. काच माझ्याजवळ आहे तोवरच माझी वेळ. पुण्याला गेल्यावर तुमची."

तो चिडला, मी त्याहून चिडलो. तोंडं एकमेकांकडे आणि पाठी ओट्याकडे. मागून "लोपली" ऐकू आलं. नारळ फुटल्याचा आवाजही आला. मी बोलणं सोडलं नाही, कारण मी सोडलं असतं तर तो जिंकला असता. लोक ओट्यावर चढायला लागले तेव्हा विद्वान वळला आणि ओरडला, "उतरा खाली, फोटो राहिलाय." लोक कुरकुरत उतरले. मी तणतणत कापडाखाली शिरलो, चौकट नीट केली, बाहेर आलो, भिंगावरची टोपी काढली, मोजलं, पुन्हा लावली. सगळं मिळून पाच मिनिटं गेली असतील. मला वाटलं, खांब काही पळून जात नाही.

काच धुताना खांबाच्या पायाशी पूर्वेच्या अंगाला एक उजळ पट्टी दिसली. निगेटिव्हवर सावली उजळ दिसते. मी ती पाहिली आणि पुढची काच घेतली. छाप स्वच्छ आला होता, रेघ न् रेघ उठली होती. तेवढंच मला हवं होतं.

पुस्तक आलं तेव्हा मी फोटोखालची ओळ वाचली आणि तिथेच थांबलो. शेजारच्या पानावर काय लिहिलं आहे ते वाचलं नाही.

सात वर्षांनी, चैत्रात, ओट्याच्या घराण्याचे वडील माझ्या दुकानात आले. गाव त्यांना बुवा म्हणे, मीही तेच म्हणतो. काठी टेकत, दाराची चौकट हाताने चाचपत आत आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काखेत पंच्यात गुंडाळलेलं तेच पुस्तक.

मी सवयीने सुरुवात केली, "बघा बुवा, खाली माझं नाव..."

"ते असू दे," ते म्हणाले. "शेजारच्या पानावर काय आहे, वाचलंत कधी?"

त्यांना दिसत नव्हतं, पण मजकूर पाठ होता. सोबतच्या चित्रात भर मध्यान्हीही खांबाची सावली पडलेली स्पष्ट दिसते, तेव्हा ही जागा श्रद्धेची असेल, शास्त्राची नव्हे, असा तो मजकूर होता. त्यांनी तो पंचांगातली तिथी सांगावी तसा सांगितला, आवाज न चढवता.

मी खुर्चीवर बसलो.

"आता गावात शाळा व्हायची आहे," बुवा म्हणाले. "गावच्या खोतांना घडीव चिरे हवेत. नवे काढायचे तर पाऊस येईल मध्ये. ते म्हणतात, चुकलेला खांब राखून काय करायचंय, ओट्याचेच चिरे घेऊ. वाईट माणूस नव्हे हो तो. शाळा हवीच आहे. यंदा त्या दिवशी ते स्वतः येऊन बघणार. सावली राहिली तर दुसऱ्या सकाळी माणसं लावणार."

"तुम्ही सांगा त्यांना, दरवर्षी लोपते म्हणून."

"छापलेल्या फोटोपुढे माझ्या बोलण्याचं काय? आणि मला आता दिसत नाही. गेली दोन वर्षं अंगावरच्या उन्हाच्या अंदाजाने लोपली म्हणतो. म्हणून आलो. फोटो तुमचा होता. तुमच्याच फोटोने काय ते ठरू दे."

"तुम्हाला काय वाटतं? खांब चुकलाय?"

"माणसाच्या डोळ्याला भ्रम होतो," ते म्हणाले. "मला झाला, वडिलांना झाला असेल. काचेला होत नाही ना?"

त्यांनी हे खरोखर विचारलं होतं. उत्तराची वाट पाहत होते. मला ती उजळ पट्टी आठवत होती, मागून आलेला नारळाचा आवाज आठवत होता. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं, की बुवा, टोपी मी उशिरा काढली. पण सात वर्षं मी शहरभर त्या विद्वानाच्या नावाने बोटं मोडली होती, आणि आता फोटोच चुकीचा, तोही माझ्यामुळे, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "येईन मी." मोबदल्याचा शब्द काढला नाही. बुवा जरा गोंधळले. माझी ख्याती त्यांनाही ठाऊक असावी.

मी मनाशी हिशेब केला तो असा: या वेळी "लोपली" म्हटल्याबरोबर टोपी काढायची. बिनसावलीचा फोटो खोतांच्या हातात द्यायचा. नवा फोटो जुन्याला खाईल, खांब राहील, आणि जुना का चुकला हे कुणी विचारायला यायचं नाही.

सावली लोपायच्या दिवशी मी उजाडता निघालो. बैलगाडीने खाडीपर्यंत, मग तरीच्या होडीतून पलीकडे, मग सामान पाठीवर घेऊन घाटी चढून सड्यावर. चार काचा घेतल्या होत्या. घड्याळ घेतलं होतं. तिपाई आदल्या वेळेच्याच जागी रोवली; तिथल्या कातळात माझ्या तिपाईच्या टोकांच्या खुणा अजून होत्या. समुद्राच्या अंगाला आभाळ गढूळ होतं. ढगांचे दोन-तीन पुंजके पाण्यावर बसून होते, हलत नव्हते.

गाव जमलं. खोत आले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक, बोट नेमकं त्या पानात घातलेलं. खोत म्हणजे आडदांड माणूस नव्हे. चष्मा लावणारा, सावकाश बोलणारा, आणि म्हणूनच मला जड जाणारा. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तरी नाव छापून येणार ना?" लोक हसले. मी हसलो नाही.

बुवा ओट्याच्या कडेला बसले होते, शेजारी नारळ. सावली पश्चिमेला वीतभर उरली तेव्हा मी पहिली काच घेतली. मग दुसरी भरली आणि टोपीवर हात ठेवून उभा राहिलो. सावली तीन बोटं राहिली. दोन राहिली. मला दुसरं काही दिसत नव्हतं. आणि मग कातळावरचा सगळा उजेड एकदम मावळला.

पाण्यावर बसलेला ढग उठून आमच्या डोक्यावर आला होता.

एका म्हाताऱ्या कुणबिणीने पदर कपाळावरून मागे घेतला आणि वर पाहिलं. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. ढगाची कड लांब होती. मध्यान्ह आत्ता होत होती, ढगाच्या वर, आणि मला तिचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की समोर खांब उभा आहे आणि त्याला सावली नाही. कुठेच नाही. काच भरलेली आहे. टोपीवर माझा हात आहे. मी काढली आणि लावली की बिनसावलीचा खांब मिळाला. खोत वर ढगाकडे बघत होते. फोटो छापून हातात पडल्यावर ढग कुणाला आठवणार? मी टोपी सैल केली. तिचा बारीक आवाज झाला.

"काय करता?" बुवांनी विचारलं. ते माझ्यापासून दहा हातांवर होते आणि त्यांना डोळे नव्हते.

"तयारी."

"माझ्या अंगावर ऊन नाही," ते म्हणाले, इतक्या हळू की मलाच ऐकू जावं. "ढगात सगळ्यांच्याच सावल्या जातात, फोटोवाले. त्यात खांबाचं काय?"

मी टोपी पुन्हा घट्ट बसवली.

ऊन आलं तेव्हा सगळे पुढे सरसावले. सावली खांबाच्या पूर्वेला बाहेर पडली होती. बुवांनी काही हाक दिली नव्हती, त्यामुळे ओट्यावर कुणी पाय ठेवेना. खोतांनी चपला काढल्या. "आता रीत राहू दे," असं म्हणून वर गेले, खाली वाकले आणि बोटं आडवी ठेवून सावली मोजली.

"चार बोटं," ते म्हणाले. मग पुस्तक उघडून डोळ्यांजवळ नेलं. "पुस्तकात आहे तेवढीच. बघा कुणाला बघायचं असेल तर."

"मध्ये ढग होता ना वो," म्हातारी म्हणाली.

"ढग आज होता. पुस्तकातल्या दिवशी नव्हता. त्या दिवशीही चार, आजही चार."

सगळे बुवांकडे बघायला लागले. बुवा काठीचा आधार घेऊन उठले. मला वाटलं भांडतील. मी त्यांच्या जागी असतो तर सडा दणाणून सोडला असता.

"मग आमच्या मूळ पुरुषाचं चुकलं असेल," बुवा म्हणाले. "उद्या आधी खांब काढा खोत. ओटा नंतर. खांब वरून एकेक चिरा करून उतरवा, ढकलू नका. खाली माणूस असेल तर दगावेल."

एवढं बोलून ते नारळ चाचपायला लागले, घरी परत न्यायला. अख्खा नारळ. तो त्यांच्या हातात मी पाहिला आणि खोतांच्या दिशेने गेलो.

"पुस्तक द्या इकडे."

"खालची ओळ परत वाचायची आहे काय?" खोत म्हणाले. पुन्हा लोक हसले.

मी पुस्तक ओढूनच घेतलं म्हणायला हरकत नाही. सात वर्षं मी त्या पानावर बोट ठेवत होतो, पण ते खालच्या ओळीवर. फोटो मी बघितलाच नव्हता. खांबाच्या पायाशी, सावलीच्या अलीकडे, दोन गोल पांढरे डाग होते. मी पान खोतांच्या तोंडापुढे धरलं.

"आज नारळ फुटला?"

"नाही. बुवा लोपली म्हणालेच नाहीत, तर फुटेल कसा?"

"मग हे काय आहे?"

खोतांनी चष्मा कपाळावर घेतला, पान जवळ ओढलं. म्हातारी मध्ये घुसली, तिने पान तिरकं करून पाहिलं. "भकलं हायत ती," ती म्हणाली. "नारळ फुटल्यावरचा फोटो हाय ह्यो."

"म्हणजे लोपली म्हटल्यानंतरचा," खोत म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "किती वेळाने?"

"पाच मिनिटांनी."

"इतकं नेमकं कसं ठाऊक?"

"मी भांडत होतो," मी म्हणालो. "त्या पुण्याच्या माणसाशी, नावावरून. बुवांची हाक मी ऐकली होती. तरी वळलो नाही. भांडण त्याचंही होतं, पण टोपी माझ्या हातात होती."

कुणी हसेल असं मला वाटलं होतं. म्हातारी तेवढी हसली. "येवड्यापायी खांब पाडीत हुतात काय वो खोत? आमी बगतो ना दरसाल डोळ्यांनी."

बुवा नारळ हातात धरून उभे होते. "मी दुकानात आलो तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी तोंड समुद्राकडे केलं.

खोत मात्र सुटका करणारे नव्हते. "ठीक आहे. फोटो चुकला हे ठरलं. खांब बरोबर आहे हे कुठे ठरलं? माझी माणसं उद्या सकाळी यायची आहेत."

इथे माझं डोकं ठिकाणावर आलं. हे माझ्या धंद्याचं बोलणं होतं. "माणसं दुपारनंतर येऊ द्या. उद्याची मध्यान्ह बघू."

"दिवस तर आजचा."

"उद्या लोपायची नाही," बुवा समुद्राकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "पण खांब सरळ असेल तर उद्या पूर्वेला काही नाही, पश्चिमेला काही नाही, उत्तरेला काही नाही. दक्षिणेला बोटभर. सूर्य आजपासून उत्तरेला सरकला."

खोतांनी ते मनात घोळवलं. मग मला म्हणाले, "आणि तसं दिसलं, तर शाळेचे चिरे कुठून? पाऊस माझ्यासाठी थांबणार नाही. ज्याने फोटो चुकवला त्याने सांगावं."

माझ्या दुकानामागे चिरे रचलेले होते. घर बांधायचं म्हणून दोन वर्षांत जमवलेले. भाड्याच्या खोलीत जन्म गेला होता माझा. खोतांना ते चिरे ठाऊक होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी ते आधीच हेरून ठेवले असतील तर मला नवल वाटणार नाही.

"अर्धे," मी म्हणालो.

"सगळे."

"सगळे दिले तर मी काय कॅमेऱ्यात राहू? अर्धे."

"अर्ध्यात भिंती होतील, जोतं होणार नाही. मुलांना काय हवेत बसवू? चारातले तीन हिस्से द्या."

"तीन हिस्से देतो. पण ओट्याला पुढे कुणी हात लावायचा नाही, तुमच्यानंतरचा खोत असला तरी. आणि हे गावासमोर बोला."

खोत गावासमोर बोलले. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले. हा एक असा, की जिंकलो की हरलो ते मला आजही सांगता येत नाही.

ती रात्र मी गावातच काढली. बुवांच्या ओसरीवर जागा मिळाली, जेवायला पान मिळालं, शब्द मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. खोतांची माणसं पहारी घेऊन सावलीत बसली होती, दुपारची वाट बघत. मी काच भरली आणि या वेळी कुणाशी बोललो नाही. कुणी बोलायला आलं तर हाताने परत पाठवलं. सावली पश्चिमेकडून आखडत आली. दोन बोटं, एक बोट, मग चुन्यावर नुसती एक मळकट कड, आणि तीही गेली. मी टोपी काढली, मोजलं, लावली. खोत चपला काढून ओट्यावर गेले, खांबाभोवती फिरले. पूर्वेला वाकले, उत्तरेला वाकले. दक्षिणेला उकिडवे बसले आणि बोट आडवं ठेवलं.

"बोटाला थोडं कमीच," ते म्हणाले.

"हं," बुवा म्हणाले.

"लोपली म्हणा की बुवा," कुणीतरी म्हटलं.

"आज नाही. तो दिवस काल होता." आणि त्यांनी नारळही फोडला नाही. कुणी आग्रह केला नाही. खोतांनी माणसांना हात केला, ती पहारी उचलून घाटी उतरायला लागली.

विद्वानाला मी पत्र लिहिलं. फोटो माझ्या उशिरामुळे चुकला, नवा सोबत पाठवत आहे, पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलावा. नावाचं काही लिहिलं नाही, म्हणजे लिहून खोडलं. त्याचं एक कार्ड आलं, 'बघू' म्हणून. त्याच्यावरचा माझा राग अजून आहे. फोटोच्या चुकीत अर्धा वाटा माझा असेल. नावाच्या बाबतीत तो पूर्ण चुकला होता.

बुवांनी पुढेही मला क्षमा वगैरे केली असं नाही. दर वैशाखात मात्र तरवाल्याबरोबर दिवस कळवायचे, आणि मी कॅमेरा घेऊन जायचो.

चिरे न्यायला खोत स्वतः आले, दोन होड्या घेऊन. एकेक चिरा उलटा करून बघायला लागले. कोपरा गेलेले बाजूला काढले आणि म्हणाले, हे तीन हिश्शांत धरायचे नाहीत, बदली द्या. मी म्हणालो, कोपरा तुमच्या माणसांनी उचलताना मोडला. ते म्हणाले, मोडलेला कोपरा ताजा असता तर आतून लाल दिसला असता, हा काळा पडलाय. आम्ही खाडीच्या काठावर असे भांडलो की भरलेली होडी ओहोटीला तशीच चिखलात बसली, आणि मग दोघांनाही भरतीपर्यंत तिथेच, एकमेकांशेजारी, चिऱ्यांवर बसून राहावं लागलं.